हिरवेपणाला नऊपैकी नऊ

आमच्या तेलबिया संशोधन केंद्रात मला सगळे ‘दुर्बीण’ म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि मी त्या हाकेला मान वळवायचो, वर मनातल्या मनात खूषही व्हायचो. यावरून माणूस म्हणून माझी लायकी तुमच्या लक्षात यावी. शंभर पावलांवरच्या एखाद्या सूर्यफुलाने मान टाकायला सुरुवात केली की मला ती दिसायची. इतरांना दोन दिवसांनी दिसायची. या एका गुणावर मी एकतीस वर्षं कॉलर ताठ करून फिरलो. ती कॉलर कुठल्या रंगाच्या शर्टाची आहे, हे मात्र रोज सकाळी बायकोला विचारावं लागायचं.

कारण मला रंग कळत नाहीत. अगदीच कळत नाहीत असं नाही. निळा कळतो, पिवळा कळतो. पण हिरवा, तपकिरी, खाकी आणि त्यांची सगळी चुलत-मावस भावंडं मला एकाच चेहऱ्याची दिसतात. पिकलेला टोमॅटो मी बोटाने दाबून ओळखतो. हा दोष आईच्या माहेरून आला. मामा तसाच, थोरला भाऊ तसाच, मीही तसाच. आईला स्वतःला सगळे रंग लख्ख दिसायचे. तिने फक्त पोचवण्याचं काम केलं.

नोकरीला लागताना डोळ्यांची तपासणी होती. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, त्यात ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे. याच पुस्तकापायी थोरला एका चांगल्या नोकरीला मुकला होता. पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्याने कुणाकडून तरी पानोपानीचे आकडे लिहून आणले होते. त्याला दुसरी संधी मिळालीच नाही, म्हणून तो कागद त्याने मला दिला. मी तो तोंडपाठ केला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मध्येच दोन पानं एकदम उलटली, आणि तिथून पुढे माझं प्रत्येक उत्तर एक पान मागे राहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. जेवायची वेळ झाली होती. शिक्का बसला: दृष्टी उत्तम.

बायकोला मात्र लग्नानंतर लवकरच कळलं. हिरवागार म्हणून मी तिच्यासाठी जो स्वेटर आणला तो चिखलाच्या रंगाचा निघाला. तिने तो दोन हिवाळे निमूटपणे घातला. तिसऱ्या हिवाळ्यात म्हणाली, “अहो, हा कुठल्या रंगाचा आहे, सांगता का जरा?” मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझे कपडे पलंगावर जोडीने ठेवलेले दिसू लागले. तिच्याखेरीज हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

पहिली सव्वीस वर्षं निभावलं. झाडाची उंची पट्टीने मोजायची, फुलं बोटाने, दाणे काट्यावर. यात रंगाचं काही काम नव्हतं. मग मॅडम आल्या.

मॅडमची प्रयोगशाळा आठ तासांच्या अंतरावर, मोठ्या शहरात. वयाने माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान, पण समजावून सांगायची हातोटी अशी की माझ्यासारख्यालाही आपण हुशार असल्याचा भास व्हावा. त्यांनी सूर्यफुलाचे दोनशे चाळीस वाण आमच्या शेतात ओळींनी लावले. कळी धरली की पाणी तोडायचं. मग रोज बघायचं की कुठली ओळ किती दिवस हिरवी राहते. शेवटपर्यंत हिरवी राहील तिला नऊ गुण, आधी करपेल तिला एक. इकडे मी गुण देणार, तिकडे त्या प्रत्येक ओळीच्या पानाचा तुकडा तपासणार. मग संगणक दोन्ही जुळवून सांगणार की हिरवेपणाबरोबर कुठलं जनुक चालत येतं.

“ते एकदा सापडलं ना काका,” मॅडम म्हणाल्या, “की भरपूर तेल देणाऱ्या वाणात ते आणायचं. मग पाऊस मध्येच दडी मारून बसला तरी दाणा भरेल.”

मला सगळं समजलं. या कामाला अख्ख्या केंद्रात सर्वांत नालायक माणूस कोण, हेही समजलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडणारही होतो. पण त्याच वेळी मॅडम म्हणाल्या, “सगळे म्हणतात, तुमच्यासारखा डोळा दुसरा नाही.” आमच्या केंद्रात हरभरा पिकत नाही. तरीही मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो.

आमच्याकडे एक नियम आहे, त्याला आम्ही ‘एकच डोळा’ म्हणतो. एका माणसाचे पाच गुण म्हणजे दुसऱ्याचे सात असतात, म्हणून एका शेताला गुण देणारा माणूस एकच. रोज दुपारी दोनला, सूर्य पाठीशी घेऊन, बांधावरून चालायचं. वही दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. आणि झाडाला हात लावायचा नाही, कारण रोज हाताळलेलं झाड उगाच दुखावतं. नियम उत्तम आहे. फक्त तो एकच डोळा माझा असू नये.

मी गुण दिले ते पानाच्या ताठपणावरून. हिरवं पान ताठ असतं, वाळायला लागलेलं लोंबतं, एवढं तर कुणालाही कळतं. आडवाटेने का होईना, गावाला पोचतोय ना, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही. शेवटच्या आठवड्यात सगळ्या ओळींनी माना टाकल्या, तेव्हा एकशे बारा नंबरची ओळ पानं पसरून, पहारेकऱ्यासारखी ताठ उभी होती. मी वहीत नऊ लिहिला. लिहिताना आकडा पुटपुटायची मला सवय आहे. शेजारी खुरपणी करणाऱ्या मावशींच्या कानावर तो गेला.

“भाऊ, याला नऊ? हे तर...”

“मावशी, डोळा एकच,” मी म्हणालो. नियम मावशींना माझ्याइतकाच पाठ होता. त्यांनी मान खाली घालून खुरपं चालवलं.

काढणीच्या वेळी एकशे बाराचे दाणे पोचट निघाले. दाबले की टरफल नुसतं चपटं व्हायचं, आत गर नाही. मी शेऱ्यात लिहिलं: पाखरांनी नुकसान केले. आमच्या केंद्रात ज्या गोष्टीचं कारण सापडत नाही ती पाखरांनी केलेली असते.

जनुक शोधायला वेळ लागला. तीन वर्षं पेरलं, मोजलं, तपासलं, आणि एका सकाळी मॅडमचा फोन आला. “काका, सापडलं! आलेखात असा उंच सुळका आलाय की काय सांगू. माणसाने केलेल्या नोंदी इतक्या एकसारख्या मी कधी पाहिल्या नाहीत.” एकसारख्या असणारच. पान ताठ आहे की नाही, हे ओळखण्यात मी कधीच चुकलो नव्हतो. पुढे त्या म्हणाल्या, “शोधनिबंधात तुमचं नाव घालतेय. पाचवं.”

आजवर माझं नाव छापून आलं होतं ते लग्नाच्या पत्रिकेत आणि मतदारयादीत. ते नाव मला हवं होतं. साधंसुधं नव्हे, लहान मुलाला खेळणं हवं असतं तसं हवं होतं. बायकोने भावाला फोन करून कळवलं. मेहुणा म्हणाला, “म्हणजे भावोजी शास्त्रज्ञ झाले की!” ती म्हणाली, “आधीपासूनच होते. तुमच्या लक्षात आलं नाही.” मी शेजारी उभा राहून वर्तमानपत्र वाचत होतो. उलटं धरलं होतं, हे नंतर कळलं.

आता एकशे बाराचा संकर सगळ्या चांगल्या वाणांशी करायचा होता. जागा अपुरी म्हणून बाकीच्या दोनशे एकोणचाळीस वाणांचं बी थंड खोलीतून काढून टाकायचं ठरलं. फाटकाजवळ एक प्रात्यक्षिक वाफा केला, त्यात एकशे बारा लावला, पाणी तोडलं आणि पाटी लावली: पाण्यावाचूनही हिरवे. शुक्रवारी मॅडम आणि इतर केंद्रांतले साहेब बघायला येणार होते.

मंगळवारी मी डबा विसरलो. बायको तो घेऊन आली आणि पाटीपाशी थांबली.

“हे काय, मेलेलं झाड कशाला ठेवलंय दाखवायला?”

“कुठलं?”

“हेच की. पाटीखालचं.”

“अगं, तेच तर एकशे बारा! बघ कसं ताठ उभं आहे.”

“ताठ आहे हो,” ती म्हणाली. “पण वाळून खडखडीत झालंय.” आणि आमचा नियम तिला ठाऊक नसल्यामुळे तिने सरळ एक पान मुठीत धरलं. मूठ उघडली तेव्हा तळहातावर चुरा होता.

मी दुसरं पान धरलं. चुरा. तिसरं. चुरा. तीन वर्षांत त्या वाणाच्या पानाला मी पहिल्यांदाच हात लावत होतो. हे झाड उभ्याउभ्याच मरत होतं, आणि मी दरवर्षी त्याला पैकीच्या पैकी गुण देत होतो.

घरी आल्यावर मी म्हणालो, “निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत.”

“मी काही बोलले का?” ती म्हणाली.

बुधवारी मी पळवाट शोधली. मॅडमना फोन करून म्हणालो, माझं आता वय झालं, दुसऱ्या कुणाकडून एकदा पुन्हा गुण देऊन घेतले तर? त्या हसल्या. “छे हो काका! एकच डोळा. तुम्हीच तर शिकवलंत मला.” गुरुवारी दुसरी पळवाट सापडली, ती फार सुंदर होती. मी टिपण लिहिलं: प्रात्यक्षिक वाफ्यात मूळकूज रोगाचा प्रादुर्भाव. खाली सही केली. इतकी देखणी सही मी आयुष्यात केली नव्हती. झाड रोगाने मेलं असं ठरलं की प्रश्न मिटला. एकशे बारा निर्दोष, मी निर्दोष, पाचवं नाव जागच्या जागी. फक्त आतून पोचट असलेलं झाड गावोगावच्या शेतांत जाणार होतं, आणि ज्या ओळीत खरं काही असेल तिचं बी कचऱ्यात.

शुक्रवारी मॅडम पाहुण्यांच्या तासभर आधी आल्या. वाफा पाहून त्यांचा चेहरा पडला. मी टिपण पुढे केलं. त्यांनी ते वाचलं. आता त्या झाड उपटून मुळं बघणार, असं मला वाटलं. दुसऱ्या कुणाचं टिपण असतं तर बघितलीही असती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि उलट माझीच समजूत काढू लागल्या.

“वाईट वाटून घेऊ नका काका. रोग काय, कुठेही पडतो. आणि झाड मेलं तर मेलं, तुमचे आकडे आहेत ना. ते खोटं बोलत नाहीत.”

त्यांनी रागावून काही विचारलं असतं तर मी शेवटपर्यंत खोटं बोललो असतो; तेवढा सराव होता. हे वाक्य मात्र मला सोसलं नाही.

“मॅडम, मला हिरवं दिसत नाही.”

“अरे! मोतीबिंदू का? कधीपासून?”

“जन्मापासून.”

त्यांनी शेजारच्या ओलिताच्या वाफ्यातून एक पान तोडलं, एकशे बाराचं एक तोडलं, आणि दोन्ही देठाशी धरून माझ्यासमोर उभी केली. “हात मागे घ्या. हिरवं कुठलं?” मी डावं म्हणालो. त्यांनी पानं पाठीमागे नेऊन पुन्हा पुढे धरली. मी पुन्हा सांगितलं. असं पाच वेळा झालं. तीन वेळा चुकलो, आणि दोन वेळा बरोबर आलो तेही नशिबाने.

“मग दोनशे चाळीस ओळींना गुण दिलेत ते कशावरून?”

“ताठपणावरून.”

त्या बांधावर बसल्या, साडीला माती लागेल याचीही पर्वा न करता. “एक फोन करायचा होता, काका,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी एक फोन. मी दुसरं माणूस दिलं असतं. माझी तीन वर्षं गेली.” आवाज चढला नव्हता. मला शरम वाटली.

पाहुणे आले. मॅडम पाटीपाशी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “प्रात्यक्षिक रद्द करतेय. आमच्या नोंदींमध्ये चूक आहे.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. म्हणून मीच हात वर केला. म्हटलं, “चूक माझी आहे.” यावर एका वयस्कर साहेबांनी सर्वांसमोर माझ्या नम्रतेचं कौतुक केलं. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, ठिपक्यांच्या पुस्तकासकट.

शोधनिबंध मागे घेतला गेला. मला कार्यालयाचं खुलासा मागणारं पत्र आलं, त्याचं मी उत्तर दिलं. उत्तरात पाखरं कुठेही नव्हती. थंड खोलीतलं बी अजून टाकलेलं नव्हतं, ते वाचलं. मेहुण्याचा फोन आला तेव्हा बायको म्हणाली, “नाव यांनी स्वतःच काढून घ्यायला लावलं.” मी काढून घ्यायला लावलं नव्हतं. पण ती ते अशा आवाजात म्हणाली की मी दुरुस्त करायला गेलो नाही.

पुढच्या हंगामात दोनशे चाळीस ओळी पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळचा एकच डोळा मावशींचा. हे मी सुचवलं, आणि मॅडमनी पहिल्यांदा मावशींची रंगांची तपासणी करून घेतली. माझ्याकडे बघत करून घेतली. मावशी आकडा सांगायच्या, मी लिहायचो. अडुसष्ट नंबरच्या ओळीपाशी त्या म्हणाल्या, “आठ.”

या ओळीला मी तिन्ही वर्षं दोन दिले होते. मला राहवेना. “मावशी, मान टाकलीय की त्याने!”

“उन्हात टाकतंय, भाऊ. सांज झाली की उचलतंय. मी घरी जाताना रोज बघते.” आणि पुढे म्हणाल्या, “तुम्ही चारला जाता ना.”

अडुसष्टचे दाणे भरलेले निघाले. पाणी तोडलेलं असूनही तेल चांगलं उतरलं. मॅडमना नवं जनुक सापडलं, अगदी दुसऱ्याच ठिकाणी. ते झाडाला हिरवं ठेवतं. आणि गंमत म्हणजे माझा जुना सुळकाही आलेखात तसाच उभा राहिला. मॅडमनी मला फोन करून समजावलं. शोध खरा होता, फक्त मी सांगितला त्याचा नव्हता. माझं जनुक देठ ताठ ठेवतं, बस्स. भर उन्हात बाकीची झाडं पानं खाली सोडून ऊन चुकवतात. याला ते जमत नाही. पान पसरून उभं राहतं, होतं नव्हतं ते पाणी उडवून टाकतं आणि दाणा भरायच्या आत संपतं.

“म्हणजे एक जनुक आणायचंय,” त्या म्हणाल्या, “आणि एक कुठेही शिरू द्यायचं नाही.” त्यांचा आवाज पूर्वीसारखा नव्हता, पण त्यांनी मला काका म्हटलं.

नव्या शोधनिबंधात चौथं नाव मावशींचं आहे. मी तो त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी नावावरून बोट फिरवून विचारलं, “हे छापून काय होतं, भाऊ?” मी म्हणालो, “काही नाही.” हे मी अगदी साफ खोटं बोललो.

अडुसष्टचा संकर चांगल्या वाणांशी झाला. त्यांतल्या काही वाणांत माझं ताठपणाचं जनुक आधीपासूनच होतं. रोपं वीतभर झाली की प्रत्येकाच्या पानाचा तुकडा शहरात जायचा, आणि उलट टपाली यादी यायची. ज्या रोपांत ते ताठपणाचं जनुक शिरलेलं असेल त्यांचे नंबर. ती उपटून टाकायची. हे काम मी मागून घेतलं.

निवृत्तीच्या आठवड्यात शेवटची यादी आली. एक्केचाळीस नंबर. मावशी वाफ्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, “ही तर चांगली धडधाकट दिसतायत. कशाला काढायची?”

“यांच्यात माझा शोध आहे,” मी म्हणालो.

त्या हसल्या, मीही हसलो, आणि उकिडवा बसून कामाला लागलो. नंबर मोठ्याने वाचायचा, रोप मुळासकट ओढायचं, माती झटकून टोपलीत टाकायचं. वीतभर रोपांत कुठलं ताठ आणि कुठलं वाकणारं हे कुणालाच दिसत नाही, दुर्बिणीलाही नाही आणि मावशींनाही नाही. कागदावर विश्वास ठेवूनच उपटावं लागतं. तिसाव्या रोपाच्या पुढे माझे डोळे भरून आले. मावशींना वाटलं, माती गेली असेल. जगात मी शोधलेली ही एकच गोष्ट, आणि ती जिथे सापडेल तिथे उपटून टाकायची. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण यादीतलं एकही रोप मी सोडलं नाही.